बावीस मिनिटांचे सक्तीचे युद्ध आणि आपला सातारा

१९४३ साली तिकीट काढून चित्रगृहात बसलेल्या प्रेक्षकाला मुख्य चित्रपटासोबत सरकारचा पटही पाहावा लागू लागला. भारत संरक्षण नियमांतील ४४-अ या तरतुदीने प्रत्येक खेळात दोन हजार फूट, म्हणजे सुमारे बावीस मिनिटांचे, सरकारमान्य पट दाखवणे बंधनकारक झाले. त्यांचे भाडेही चित्रगृहाच्या मालकानेच भरायचे! हा धागा त्या बावीस मिनिटांविषयी आहे, आणि त्यांत ज्याला जागा नव्हती त्या कराड-तासगावविषयीही.

सुरुवात १९४० ची. सरकारने मुंबईत फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले. अध्यक्ष जे. बी. एच. वाडिया, पुढे काही काळ प्रमुख निर्माते होते आपल्या कोल्हापूरचे व्ही. शांताराम. या मंडळींना सरसकट 'सरकारचे हस्तक' ठरवणे मला अन्यायाचे वाटते. वाडिया मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराचे होते आणि फॅसिझमचे संकट त्यांना खरेच वाटत होते. परंतु भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी १९३९ मध्येच राजीनामे दिले होते. पटांचा पाया तिथेच ठिसूळ झाला.

१९४३ मध्ये बोर्डाची जागा इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडियाने घेतली; जोडीला 'इंडियन न्यूज परेड' हा वृत्तपट आला. सैन्यभरती, कारखाने, आघाडीवरचे विजय हे ठरलेले विषय. निवेदन इंग्रजी, हिंदुस्थानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू या भाषांत. मराठी नाही. ज्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धातच ४६ जवान गमावले होते, त्या जिल्ह्याला युद्ध समजावून सांगायचे, तेही त्याच्या भाषेत नव्हे!

आणि याच जिल्ह्यात दुसरे एक युद्ध चालू होते. २४ ऑगस्ट १९४२ रोजी बाळकृष्ण पाटील उंडाळकर यांच्या नेतृत्वाखाली कराडच्या कचेरीवर मोर्चा गेला. ३ सप्टेंबरला तासगाव. ९ सप्टेंबरला वडूज येथे गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातही गोळ्या झाडल्या गेल्या. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली गेली. चित्रगृहांवर पटांची सक्ती झाली तीही याच वर्षी.

या बातम्या पडद्यावर येणे शक्यच नव्हते. त्या गावोगाव पोहोचल्या तोंडी, भूमिगतांच्या पत्रकांतून आणि शाहीर शंकरराव निकम यांच्यासारख्यांच्या पोवाड्यांतून. म्हणून 'प्रचारपटांनी लोकमत घडवले' हे सर्रास वाचनात येणारे विधान साताऱ्यापुरते तरी मला पटत नाही. सक्तीने प्रेक्षक खुर्चीत बसवता येतो. पण वडूजला काय झाले हे ज्याने शेजाऱ्याकडून ऐकले आहे, त्याला पडद्यावरचे साम्राज्याचे आभार कसे पटावेत? शिवाय नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा मुलूख खेड्यांचा होता, आणि चित्रगृहे शहरांत.

खुद्द लोकप्रतिनिधींचे मतही पुढे उघड झाले. १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाने या पटसंस्थेचा निधी नाकारला आणि ती बंद पडली. त्याचा परिणाम विलक्षण झाला: १५ ऑगस्ट १९४७ चा सोहळा टिपायला सरकारकडे स्वतःची पटसंस्थाच नव्हती! ते चित्रण खासगी छायालेखकांनी केले.

१९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. आणि चित्रगृहांवर सरकारी पटांची सक्ती पुन्हा आली, या वेळी स्वतंत्र भारताच्या सरकारकडून.