प्रवाळाच्या टाकीचे खरे कूळ

घरात जिवंत प्रवाळ वाढवण्यासाठी ठेवलेल्या काचेच्या टाकीला छांदिष्ट मंडळी 'रीफ टँक' म्हणतात. तिचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात बहुधा इंग्रज निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉसपासून होते. मे १८५३मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात जलचरांचे काचघर लोकांसाठी खुले झाले, पुढच्याच वर्षी गॉसचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि इंग्रज मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात समुद्राचा एक तुकडा येऊन बसला. काचेवरचा कर १८४५मध्येच उठला होता, त्यामुळे काच परवडू लागली होती. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. तिथून पुढे वीज, पंप, प्रखर दिवे आणि शेवटी मोबाइलवरून हुकूम झेलणारी आजची टाकी, अशी सरळ वंशावळ मांडली जाते. ही वंशावळ सोयीची आहे, पण तिच्यात एक दत्तकविधान लपलेले आहे. गॉसच्या पिढीने ज्या तत्त्वाच्या भरवशावर टाक्या भरल्या, त्या तत्त्वावर प्रवाळ जगत नाही. रीफ टँक त्या घराण्यात मागाहून आणून बसवली आहे. तिचे रक्ताचे नाते दुसरीकडे आहे.

ते तत्त्व म्हणजे समतोलाचे. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९मध्ये एका भांड्यात दोन गोल्डफिश, पाणवेल आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई ठेवल्या. पाणी न बदलता सगळे जगले. १८५०मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. वनस्पती प्राणवायू देते, मासा तो घेतो. मासा कर्बवायू सोडतो, वनस्पती तो घेते. कुजके गोगलगाय खाते. हिशेब इतका चोख, की गॉससारख्या धर्मनिष्ठ माणसाला त्यात सृष्टिकर्त्याचा हात दिसला तर नवल नाही. मग हेच तत्त्व खाऱ्या पाण्यात उचलून नेले गेले: पाणवेलीच्या जागी हिरवे समुद्रशैवाल, माशाच्या जागी समुद्रफूल. पुस्तके खपली, टाक्या खपल्या, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक टाक्यांतले पाणी गढूळ होऊन नासले. १८६०चे दशक सरेपर्यंत ही लाट ओसरलेली होती.

चूक कुठे होती? समतोलाच्या हिशेबात वायू होते, मलमूत्र नव्हते. मासा श्वासाबरोबर कर्बवायू सोडतो हे खरे, पण कल्ल्यांतून अमोनियाही सोडतो, आणि टाकीत आधी मारतो तो अमोनिया. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. बादलीभर पाण्यात विरायला जागा नसते. या प्रश्नाचे उत्तर वॉरिंग्टनच्याच घरात तयार होत होते, हा इतिहासाचा एक मजेदार खोडसाळपणा. १८७७मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी वाळूच्या नळीतून सांडपाणी झिरपवून दाखवले, की अमोनियाचे नायट्रेट करण्याचे काम सजीव करतात. वाळूला क्लोरोफॉर्मची वाफ दिली की काम थांबते. या शोधाचा पाठपुरावा इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ज्याने केला, तो रॉबर्ट वॉरिंग्टन म्हणजे त्या गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा. १८९०च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राद्स्कीने हे काम करणारे जिवाणू वेगळे काढले. बापाने टाकी जगते कशी याचे देखणे पण अपुरे स्पष्टीकरण दिले आणि मुलाने खऱ्या स्पष्टीकरणावर आयुष्य घालवले. पण मुलाचे लक्ष शेतातल्या मातीवर होते. टाक्या ठेवणाऱ्यांपर्यंत ही माहिती पोचायला कित्येक दशके गेली.

आता खरा पूर्वज शोधायचा तर गॉसच्या आधी, १८४६मध्ये जावे लागते. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या एका धर्माधिकाऱ्याची पत्नी अ‍ॅना थिन हिने त्या वर्षी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. सगळ्या बाजूंनी पाणी खेळावे म्हणून तिने ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचले होते. लंडनमध्ये समुद्राचे पाणी मोजकेच मिळे. म्हणून वापरलेले पाणी उघड्या खिडकीपाशी उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे. हे काम घरातली एक पोरगेली मोलकरीण करी. पुढच्या वर्षी थिनने शैवालही घातले, पण हे ओतणे चालूच ठेवले. प्रवाळ जगले, त्यांना पिले झाली, आणि १८५९मध्ये तिने त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. तिचे नाव आता अधूनमधून घेतले जाते. मोलकरणीचे नाव कुणी नोंदवलेले नाही. आज प्रत्येक रीफ टँकमध्ये चोवीस तास फिरणारा पंप तिचेच काम करतो. पाणी हलते ठेवणे आणि हवेला भिडवत राहणे हे प्रवाळ पाळण्याचे पहिले तंत्र. ते कष्टाचे होते. गॉसच्या पिढीला भुरळ पडली ती नेमकी कष्ट वाचवणाऱ्या कल्पनेची.

इथे कुणी हरकत घेईल, की थिनचे प्रवाळ हे उष्ण समुद्रातले, खडक बांधणारे प्रवाळ नव्हतेच. इंग्लंडच्या थंड पाण्यातले ते पेल्याच्या आकाराचे, एकेकटे वाढणारे जीव. उष्णकटिबंधातल्या प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि ऊन खाऊन आपल्या यजमानाला साखर पुरवते. टॉर्कीच्या प्रवाळात ते नाही. हरकत बरोबर आहे, पण तिच्यामुळे माझा मुद्दा बळकटच होतो. थिनला प्रकाशाचा प्रश्न सोडवावा लागला नाही, म्हणूनच तिच्या प्रयोगात पाण्याचा प्रश्न निर्भेळ दिसतो. शैवाल असो वा नसो, पाणी शुद्ध आणि हलते राहिल्याशिवाय प्रवाळ जगत नाही. व्हिक्टोरियन काळात हे ओळखणारा आणखी एक माणूस होता, विल्यम अल्फर्ड लॉइड. १८७१च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्याने दर्शनी टाक्यांच्या खाली त्यांच्या कितीतरी पट मोठा अंधारा हौद ठेवला आणि वाफेच्या बळावर पाणी सतत फिरवले. आजच्या टाकीच्या कपाटात खाली जो 'संप' असतो, त्याचे मूळ हेच.

विसाव्या शतकात वीज आली, पंप आले, उष्ण समुद्रातले रंगीत मासे विमानाने येऊ लागले. तरी प्रवाळ काही टाकीत येईना. त्या काळच्या खाऱ्या टाकीत प्रवाळ असे, पण मेलेले: उकळून, ब्लीच करून पांढरेशुभ्र केलेले सांगाडे शोभेला मांडायचे आणि त्यांच्यामधून मासे फिरवायचे. माशांना रोग झाला की पाण्यात तांबे घालायचे. तांब्याने परजीवी मरतात आणि पाठीचा कणा नसलेला जवळपास प्रत्येक जीवही मरतो. स्वच्छता म्हणजे निर्जंतुकपणा, या समजुतीचा तो कळस होता. ती समजूत मोडली जाकार्ताच्या ली चिन एंग याने. १९६१मध्ये 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या अमेरिकी मासिकात त्याने आपली पद्धत सांगितली: समुद्रातून आणलेले, अंगावर जीवजंतू असलेले खडक, समुद्राचेच पाणी, खिडकीतले ऊन आणि हवेचे बुडबुडे. गाळण यंत्र नाही. त्या टाकीत प्रवाळ जगत होते. वाचकांपैकी अनेकांना ते खरे वाटले नाही.

लीचा दगड काय करत होता, हे आज नीट सांगता येते. प्रवाळाच्या जुन्या सांगाड्यांपासून बनलेला असा दगड आतून सच्छिद्र असतो. पृष्ठभागावरचे जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करतात. आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेट मोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात आणि तो उडून जातो. समतोल होताच, पण वॉरिंग्टनने मांडला त्या दोन पक्षांतला नव्हता. तो चालवणारे दगडाच्या भोकांत दडलेले होते. याचा उलटा पुरावा १९८०च्या दशकात मिळाला. १९८६मध्ये अमेरिकेत जॉर्ज स्मिट याच्या लेखांनी प्लॅस्टिकच्या चेंडूंवरून पाणी ठिबकवणारे गाळण लोकप्रिय केले. चेंडूंवर जिवाणू भरपूर वाढत, अमोनिया झटपट संपे, पण सगळीकडे हवा खेळत असल्याने गाडी नायट्रेटपाशी अडे आणि नायट्रेट साचत जाई. काही वर्षांत लोकांनी चेंडू काढून फेकले आणि दगड तेवढे ठेवले. टाक्या सुधारल्या. कुळाचा वाद सोडवायला याहून बोलका पुरावा मला सापडत नाही.

अर्थात लीवर एक आक्षेप राहतोच: त्याच्या दारात समुद्र होता आणि डोक्यावर विषुववृत्ताचे ऊन. बर्लिनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने काय करावे? या आक्षेपाचे उत्तर जर्मन छांदिष्टांनी दिले आणि त्यांच्या वाट्याचे श्रेय तिथेच आहे. त्यांनी लीचा दगड घेतला आणि त्याला तीन गोष्टी जोडल्या. पहिली, फेस काढणारे यंत्र, म्हणजे प्रोटीन स्किमर: खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे सोडले की विरघळलेली घाण बुडबुड्यांना चिकटून वर चढते, आणि कुजण्याआधीच टाकीबाहेर पडते. दुसरी, उन्हाची जागा घेणारे मेटल हॅलाइड दिवे. तिसरी मला सगळ्यांत आवडते, कारण ती यंत्र नाही. पीटर विल्केन्स याने दाखवले, की प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातले कॅल्शियम ओढून घेतात आणि ते परत द्यायला चुन्याची निवळी पुरते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वाढत्या प्रवाळाच्या टाकीत ते पाहता पाहता उतरते. निवळी अतिशय दाहक असल्याने थेंबथेंब सोडायची, सहसा रात्री, कारण तेव्हा पाण्याचा पीएच आपोआप उतरलेला असतो. १९८०च्या दशकात बर्लिनच्या डीट्रिख श्ट्युबर याच्या टाकीत वाढलेल्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाच्या फांद्या तोडून इतरांना वाटल्या गेल्या. त्या तुकड्यांचे वंशज आजही टाक्यांतून फिरत आहेत.

एक शेवटचा बचाव समतोलवाद्यांकडून येऊ शकतो आणि तो तगडा आहे. प्रवाळ म्हणजे प्राणी आणि वनस्पती एकाच देहात. मग वॉरिंग्टनचे तत्त्व इथेच सर्वांत खरे ठरत नाही का? १९५८मध्ये मस्कटीन आणि हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून दाखवले, की समुद्रफुलाच्या अंगातल्या शैवालाने बनवलेले अन्न खरोखर यजमानाच्या पेशींत जाते. म्हणजे देवघेव आहे, आणि ती वायूंपुरतीही नाही. पण ही देवघेव प्रवाळाच्या कातडीच्या आत मिटते. टाकीतल्या माशांची विष्ठा, उरलेले खाणे, संपणारे कॅल्शियम यांचा निकाल ती लावत नाही. उलट पाण्यात नायट्रेट फार वाढले तर तेच अंगातले शैवाल बेसुमार वाढते, प्रवाळ तपकिरी पडतो आणि मंदावतो. समतोल प्रवाळाच्या आत आहे. टाकीत तो माणसाला रोज घडवावा लागतो.

छोट्या टाकीत हे फार लवकर कळते. पन्नास लिटरच्या उघड्या टाकीतून तीन लिटर पाणी उडून गेले, तर मीठ मागे राहते आणि हजारात ३५ असलेली क्षारता ३७च्या पुढे जाते. चारशे लिटरच्या टाकीला तेवढे पाणी गेल्याचे कळतही नाही. म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, मिठाच्या पाण्याची नव्हे, ही नवशिक्याला शिकवली जाणारी पहिली गोष्ट. आठवड्याला दहाएक टक्के पाणी बदलायचे, क्षारता आणि कॅल्शियम मोजायचे, काच खरवडायची. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी तिशीपार जाऊ नये म्हणून चिलर लागतो, आणि वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप. यंत्रे कितीही आली तरी खिडकीपाशी पाणी ओतणाऱ्या त्या मुलीचे काम संपलेले नाही. त्याचा बराच भाग विजेच्या बिलात गेला आहे, इतकेच.

या कुळाला एक डागही आहे आणि तो दोन्ही शाखांवर आहे. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७च्या 'फादर अँड सन'मध्ये खंत नोंदवली, की वडिलांची पुस्तके वाचून आलेल्या गर्दीने डेव्हनच्या किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडून नेली. लीच्या दगडानेही तेच केले, फक्त मोठ्या प्रमाणावर: फिजी आणि इंडोनेशियातून जिवंत दगड टनांनी जहाजांवर चढला. पाण्यात हलवाहलव करणारे तंत्र निरुपद्रवी असते. दगडावर उभे असलेले तंत्र कुणाचा तरी दगड उचलते. फ्लोरिडाने १९९०च्या दशकात समुद्रातला दगड काढणे बंद करून मुद्दाम टाकलेल्या दगडावर जीव वाढवण्याची शेती सुरू केली. भारतात खडक बांधणारे प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे मालवणच्या पाण्यातून पोवळ्याचा तुकडा खिशात घालून आणणे हा वाघाच्या कातड्याच्या रांगेतला गुन्हा आहे. आता बहुतेक नव्या टाक्यांत कोरडा, धुतलेला दगड जातो आणि जिवाणू बाटलीतून सोडले जातात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोपर्यंत टाकीत दिसण्यासारखे काहीच नसते, पाणी फिरवणाऱ्या पंपाशिवाय. लीच्या दगडावरचे स्पंज, किडे, शैवाल या टाकीत येत नाहीत, आणि जुने छांदिष्ट त्यावरून कुरकुर करतात. कुरकुर खरी आहे. तरी दगडाची भोके तीच आहेत, आणि काम तीच करतात.