अभ्यासाचे महत्त्व : भोपाळच्या मराठी घराण्यांच्या निमित्ताने

संशोधनाचा विषय ठरला, की विद्यापीठात सादर करावयाच्या रूपरेषेत ‘अभ्यासाचे महत्त्व’ या मथळ्याखाली एक-दोन पाने लिहावी लागतात. बहुधा हीच पाने सर्वांत पोकळ निघतात. कालखंड किती वैभवशाली, पूर्वज किती पराक्रमी, हे तेथे विस्ताराने येते; पण हा अभ्यास झालाच नाही तर नेमके काय अज्ञात राहील, याविषयी अक्षरही नसते. विषयाची थोरवी आणि अभ्यासाचे महत्त्व या दोन निराळ्या गोष्टी होत. भोपाळातील मराठी घराण्यांचा इतिहास कोणा तरुण अभ्यासकाने हाती घ्यावा, अशी इच्छा आपल्या मंडळींत वारंवार व्यक्त होते. म्हणून हा भेद येथे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मराठी इतिहाससंशोधनाने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे चाळीस वर्षे तोच प्रमाण मानला गेला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त त्यावर टीका केली. मराठे शूर होते एवढेच सांगून ते थांबले असते, तर त्या टीकेची आज कोणी आठवण काढली नसती. मान्य ग्रंथात उणे कोठे आहे, ते त्यांनी दाखविले. पुढे १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे व विस्तृत प्रस्तावना आहे. पानिपतच्या पराभवाची रूढ हकिकत समकालीन पत्रांपुढे कितपत टिकते, हा तेथला प्रश्न. पराभवाचा मोठा दोष राजवाड्यांनी गोविंदपंत बुंदेल्यांच्या माथी मारला. सागरकडील आपल्या वाचकांना हा निवाडा रुचणारा नाही, आणि नंतरच्या अभ्यासकांनीही तो जसाच्या तसा स्वीकारलेला नाही. तथापि त्यामुळे खंडाचे महत्त्व तसूभरही घटले नाही. कारण तो निवाडा तपासावयाचा तर तीच पत्रे हाताशी घ्यावी लागतात.

माळव्याचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. १७३७ च्या डिसेंबरात बाजीरावाने निजामास भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराई सराईच्या तहाने माळव्यावरील हक्क मान्य करवून घेतला, ही गोष्ट आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तहानंतर काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी सांगू शकतो. सीतामऊचे महाराजकुमार रघुबीरसिंह यांनी १९३६ साली माळव्याच्या या स्थित्यंतरावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे स्टुअर्ट गॉर्डन या अमेरिकन अभ्यासकाने १९७७ साली एका निबंधात १७२० ते १७६० या काळात मराठ्यांनी माळव्याची घडी कशी बसविली, ते महसुली कागदपत्रांवरून उलगडून दाखविले. कमाविसदार कसे नेमले जात, सारा कसा ठरे, असले हे रूक्ष प्रश्न. पण मराठे म्हणजे चौथाई उकळून निघून जाणारे लुटारू, या दृढ समजुतीला त्या रूक्ष हिशेबांनी जेवढा धक्का दिला, तेवढा आपल्या शेकडो उत्सवी भाषणांनी दिलेला नाही.

आता भोपाळ. येथील मराठी माणसांविषयी दोन विधाने प्रचलित आहेत. बाहेरचे म्हणतात, हा १९५६ नंतर आलेला नोकरदारांचा समाज. घरातले म्हणतात, आम्ही बाजीरावाबरोबर आलो. दोन्ही विधाने न तपासता चालत आली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ मिळून नवे मध्य प्रदेश राज्य झाले. नागपूर तेव्हा मुंबई राज्यात गेले आणि राजधानी भोपाळास आली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतून मराठी कर्मचारी तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरांत उतरले (वस्तीला नाव मिळाले तेही एका मराठी सेनानीचे!), तर पिपलानी-बरखेड्यात भेलच्या कारखान्याने आणखी काही घरांना आणले. यांतील एखादे कुटुंब अठराव्या शतकात कोकणातून ग्वाल्हेरला आलेले असेल, तर त्याने दोन स्थलांतरे केली. पहिल्याचा पुरावा मोडीतील सनदेत किंवा इनामपत्रात, दुसऱ्याचा बदलीच्या हुकमात आणि सर्व्हिस बुकात. दोन्ही एकत्र ठेवून पाहिल्याखेरीज वरील विधानांपैकी कोणते किती खरे, हे ठरणार नाही.

आमच्या मते प्रस्तावित अभ्यासाचे खरे महत्त्व याहूनही एक पाऊल पुढे आहे. भाषावार प्रांतरचनेचा इतिहास प्रायः आपल्या भाषेच्या राज्यात आलेल्यांच्या बाजूने लिहिला गेला. सीमारेषेच्या बाहेर राहिलेल्यांनी, इतकेच नव्हे तर त्या बाहेरच्या राज्याची कचेरीच उभी करण्यास हातभार लावणाऱ्यांनी, भाषा, शाळा आणि सोयरिकी कशा सांभाळल्या, याचे उत्तर त्या इतिहासात फारसे सापडत नाही. भोपाळ हे ते शोधण्याचे उत्तम ठिकाण होय. हे वाक्य रूपरेषेत आले, तर बाजीरावाचे गुणगान गाळले तरी चालेल.

साधने हाताशी आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या भोपाळ कार्यालयात संस्थानाचे दफ्तर आहे. सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानात रघुबीरसिंहांचा संग्रह आहे. तातडी मात्र दुसऱ्याच दोन साधनांची. १९५६ साली विशीत असलेली मंडळी आज नव्वदीच्या घरात आहेत; त्यांच्या आठवणींची नोंद आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही. आणि पेट्यांतील मोडी कागद वाचणारे घरात कोणी उरले नसल्याने, जागा बदलताना ते रद्दीत जातात. कोणत्या घरी काय आहे याची यादी झाली, तरी निम्मे काम झाले.

एक अट घालून घ्यावी लागेल. दफ्तर उघडून देणाऱ्या घराने, पूर्वज सरदार न निघता वीस रुपये दरमहाचा कारकून निघाला, तरी तो मजकूर छापण्याची परवानगी आधीच लिहून दिलेली बरी.