कॉकपिट आणि केबिन: हुकूम कुणाचा?

मंडळी, मलकापूर-शेगावच्या फलाटावर आपण सगळ्यांनी पाहिलंय, इंजिन ड्रायव्हरच्या हातात, पण शेवटच्या डब्यातल्या गार्डने हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही. विमानात ही वाटणी रुजायला वेळ लागला.

5 सप्टेंबर 1986. मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं 73 क्रमांकाचं विमान कराचीत उभं असताना अतिरेकी आत घुसले. केबिनमधून इशारा मिळताच कॉकपिटमधले तिघे छतावरच्या झडपेतून निघून गेले. पळपुटेपणा? तसं म्हणता येत नाही; वैमानिकच नाही तर विमान उडवणार कोण? पण मागे राहिलेल्या साडेतीनशेहून जास्त प्रवाशांचं काय? तो भार सिनियर पर्सर नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांवर आला. त्यांनी अमेरिकन पासपोर्ट लपवले. प्रवाशांना वाचवताना नीरजा गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

उलट, जानेवारी 1989 मध्ये इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ वैमानिकांनी चुकून उजवं, म्हणजे चांगलं इंजिन बंद केलं. डाव्या इंजिनाच्या ज्वाळा केबिन क्रूपैकी काहींनी पाहिल्या होत्या; पण ते कॉकपिटपर्यंत पोचलंच नाही. 47 माणसं गेली.

म्हणून आज वैमानिक आणि केबिन क्रू यांना एकत्र प्रशिक्षण देतात. अखेरचा हुकूम कॅप्टनचाच. पण मागून आलेली बातमी ऐकणं हेही त्याचंच काम.