आठवीनंतरची भूक

शाळेचा इतिहास सांगताना आपण इमारत सांगतो, गुरुजी सांगतो, निकाल सांगतो. त्या शाळेतली मुलं दुपारी काय खात होती आणि मैदानावर किती पळत होती, हे सहसा कुणी लिहून ठेवत नाही. आज मला आपल्या धाराशिव जिल्ह्यापुरता हा राहून गेलेला इतिहास सांगायचा आहे. त्यात अभिमान वाटावा असं पुष्कळ आहे आणि बुजवायला हवा असा एक खड्डाही आहे.

सुरुवात १९७२ च्या दुष्काळापासून करू. तेव्हा लातूरही आपल्याच जिल्ह्यात होतं. ते वेगळं झालं १९८२ मध्ये. मी त्या वेळी शाळेत जाण्याइतका मोठा नव्हतो. जे ठाऊक आहे ते अम्मीकडून ऐकलेलं. विहिरी आटल्या, जनावरं दावणीवरून गेली आणि गावंच्या गावं खडी फोडायला, तलावाच्या कामावर गेली. त्या कामांवर सुकडी वाटत. भाजलेलं पीठ आणि गूळ, एवढाच तो ऐवज. रेशनवर लाल मिलो मिळे. मिलोच्या भाकरीची चव आठवली की अम्मी तोंड वाकडं करायची, पण सुकडीचं नाव आदरानं घ्यायची. पोराबाळांच्या पोटात थेट काहीतरी पडावं अशी सरकारी व्यवस्था आपल्या भागातल्या बहुतेक माणसांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली असावी. ती दुष्काळापुरती होती. पाऊस पडला, कामं थांबली, सुकडीही गेली.

त्यानंतर आम्ही शाळेत गेलो. दुपारची सुट्टी झाली की कुणी फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी सोडायचा. सोबत जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी, एखाद्याकडे कांदा. पण वर्गातली चार-दोन मुलं अशी असायची की सुट्टी होताच ती हापशावर जाऊन पोटभर पाणी प्यायची आणि लिंबाखाली बसून राहायची. दुपारनंतरच्या तासाला ती पेंगायची आणि छडी खायची. भुकेला आळस म्हणायची चूक त्या काळी सगळीकडेच होत होती.

जगात मात्र हा विचार जुना होता. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती व्हायला आलेली कितीतरी तरुण पोरं शरीरानं नाकाम निघाली, तेव्हा इंग्लंडचे डोळे उघडले. १९०६ मध्ये तिथे शाळेतल्या मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. आपल्याकडे मद्रास महापालिकेनं १९२० च्या दशकात काही शाळांत दुपारचं जेवण सुरू केलं. पुढे कामराज यांनी १९५० च्या दशकात ते राज्यभर नेलं आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याला मोठं रूप दिलं. तिथे उद्देश सैनिक घडवण्याचा नव्हता. भुकेलं मूल शाळेत यावं आणि टिकावं, एवढीच साधी गोष्ट होती.

आपल्या दारात ही गोष्ट यायला १९९५ साल उजाडलं. त्या वर्षी १५ ऑगस्टला केंद्राची योजना सुरू झाली. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपाला तेव्हा दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. उमरगा-लोहारा भागात घरं अजून उभी राहत होती. आपल्या राज्यात मुलांना शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं, तांदूळ मिळत होता. महिन्याला तीन किलो, तोही ऐंशी टक्के हजेरी असेल तर. पिशवी घेऊन तांदळाच्या रांगेत उभी राहिलेली मुलं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील, काहीजण स्वतः उभे राहिले असतील. पण तो तांदूळ घरी जायचा आणि घरात खाणारी तोंडं अनेक असायची. ज्याच्या नावावर आला त्याच्या ताटात किती पडला, याचा हिशेब कोण ठेवणार?

तो हिशेब सर्वोच्च न्यायालयानं मांडला. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानं प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला वर्षातले किमान दोनशे दिवस शिजवलेलं अन्न द्या, असं राज्यांना सांगितलं. किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, असं मापही घालून दिलं. त्यानंतर २००२-०३ मध्ये आपल्याकडे शाळेत चूल पेटली आणि खिचडी आली. आज या योजनेचं नाव पीएम पोषण आहे. पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं तिचं प्रमाण आहे.

खिचडीला नावं ठेवणारे पुष्कळ होते आणि आहेत. किडे निघाले, पाणीच जास्त, मास्तरांचा वेळ जातो, अशा तक्रारी काही ठिकाणी खऱ्याही आहेत. पण मला तिची आणखी एक बाजू दिसते. आपल्या गावांत लग्नाच्या पंगती एक नव्हत्या, हे आपण सारे जाणतो. कोण कुठे बसणार हे आधीच ठरलेलं असायचं. शाळेच्या ओसरीत मात्र पाटलाचं, मांगाचं, पारध्याचं आणि मुलाण्याचं पोर मांडीला मांडी लावून एकाच पातेल्यातलं खाऊ लागलं. कुरबुरी झाल्या, नाही असं नाही. तरी ही पंगत रोज बसते, हे काम लहान नाही. आणि तिथे चुलीपुढे धूर खात उभी असलेली बाई तुटपुंज्या मानधनावर ते करते, हेही विसरून चालणार नाही.

आता मैदानाकडे वळतो, कारण ताटाची गोष्ट त्याशिवाय पुरी होत नाही. आपल्या जिल्ह्याला खेळात नाव मिळालं ते खो-खोमुळे. या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास बांधले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. धाराशिवसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात हा खेळ रुजला, याचं कारण मला सरळ दिसतं. त्याला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही. दोन खांब आणि दगड वेचलेली जमीन असली की झालं. आणि समोर बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावल्याशिवाय खो देता येत नाही. स्पर्श हाच ज्या खेळाचा नियम, त्यात शिवाशिव टिकणार कशी?

याच मातीतून सारिका काळे पुढे आली. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाची ती कर्णधार होती आणि त्या संघानं सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान बावीस वर्षांनी मिळत होता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघातही आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. हे सारं आपण फुलांच्या हारांनी साजरं केलं, आणि करायलाच हवं होतं.

पण पुरस्कार मिळाल्यावर सारिकानं जे सांगितलं, ते हारांच्या ढिगाखाली दबून गेलं. जवळपास दहा वर्षं आपल्याला दिवसातून एकदाच जेवण मिळत होतं, असं ती म्हणाली. आई शिवणकाम करायची, वडिलांची तब्येत साथ देत नव्हती, घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर. २०१६ मध्ये घरच्या ओढाताणीमुळे तिनं खेळ सोडायचंही ठरवलं होतं. तिचे प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांनी समजावलं, म्हणून ती मैदानावर परतली.

आता थोडा सालांचा हिशेब करू. ती मैदानावर गेली तेराव्या वर्षी, म्हणजे २००६ च्या सुमारास. तेव्हा शाळेतलं जेवण पाचवीपर्यंतच होतं. सहावी ते आठवीच्या मुलांपर्यंत ते सगळीकडे पोहोचलं २००८ मध्ये. तोवर तिनं आठवीचं वय ओलांडलं होतं. योजना धावत होती, पण मुलगी दोन पावलं पुढेच राहिली.

मी सुरुवातीला म्हणालो तो खड्डा हाच. आजही आपल्याकडे जेवण आठवीला थांबतं. चौदा-पंधराचं वय म्हणजे हाडं वाढण्याचं, उंची धरण्याचं. मुलींना याच वयात लोहाची गरज वाढते. दिवसाला दोन हजारांहून अधिक कॅलरी लागतात आणि खेळणाऱ्या पोरीला त्याहूनही जास्त. जिल्हा, विभाग, राज्य अशा स्पर्धांची शिडी ती याच वयात चढू लागते. नेमक्या त्याच वर्षी तिच्यापुढचं ताट उचललं जातं.

यावर पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जाईल. उमरग्याहून थोडं पुढे जा. बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपल्याबरोबर एकाच हैदराबाद राज्यात होते. तीच काळी माती, तोच दुष्काळ, तीच निजामी मागासलेपणाची शिदोरी. राज्यांची वाटणी झाली, ते कर्नाटकात गेले आणि आपण पुढे महाराष्ट्रात आलो. आज तिकडच्या सरकारी शाळेत नववी-दहावीच्या मुलांनाही दुपारचं जेवण मिळतं, अंडी मिळतात. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. लोकवर्गणीतून बघा, असं सांगण्यात आलं. २०१८ मध्ये केंद्रानं राज्यातले जे चार आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत आपला एक. आरोग्य आणि पोषण हा त्या कार्यक्रमाचा पहिल्या रांगेतला विषय. मग आठवीनंतरचं पोषण कुणाच्या यादीत आहे?

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळी झाली की कळंब, वाशी, भूम, परंड्याकडची कुटुंबं बैलगाड्या-ट्रॅक्टरवर बसून कारखान्यांच्या फडावर जातात. पोरगं गेलं की त्याची खिचडीही गेली आणि मैदानही गेलं. मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती वेळेवर सुरू झाली, तर आई-बाप फडावर असतानाही मूल दोन वेळा जेवतं आणि संध्याकाळी खेळतं. उशिरा सुरू झाली, तर मूल तोवर उसाच्या पाचटात पोहोचलेलं असतं.

तिसरी गोष्ट आपल्याच रानातली. हा जिल्हा ज्वारीचा, तुरीचा, हरभऱ्याचा. आता सोयाबीनचाही. शाळेच्या ताटात मात्र मुख्य धान्य येतं ते बाहेरून आलेला तांदूळ. आठवड्यातून दोन दिवस जरी ज्वारी, उसळ आणि अंडं किंवा केळं ताटात आलं, तर मुलाच्या अंगालाही लागेल आणि शेतकऱ्यालाही आधार होईल.

आणि मैदान? शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये शाळेला मैदान हवं असं सांगितलं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला खेळाचा वेगळा शिक्षक मात्र नसतो. गावातली खेळून बसलेली पोरं-पोरी आहेत. त्यांना मानधन देऊन रोजचा एक तास सोपवता येईल.

येत्या ग्रामसभेत रस्त्याबरोबर, गटाराबरोबर हाही विषय घ्या. आपल्या गावची नववी-दहावीतली किती मुलं दुपारी काही खात नाहीत, एवढं फक्त मोजा आणि तो आकडा ठरावात लिहा. तो जिल्हा परिषदेकडे पाठवा, आमदारांकडे पाठवा. पहिला आकडा गावातून गेला, तर पुढचं मागणं सोपं होईल.