बॉनेटपासून डिकीपर्यंत एक तांबडी वायर

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात पेडणे-डिचोलीच्या वाड्यावाड्यांत नरकासुराचे पुतळे उभे राहतात आणि त्यांच्या बाजूला स्पीकरच्या खोक्यांची भिंत. त्या भिंतीमागे कुठेतरी जनरेटर घरघरत असतो. तो २३० व्होल्ट देतो. त्यामुळे हजार वॉटच्या अ‍ॅम्पलाही आठ-नऊ अँपिअर पुरतात आणि घरगुती जाडीच्या वायरीवर काम भागतं. शेजारी डिकी उघडून उभ्या असलेल्या गाडीतून मात्र तेच गाणं तसंच दणकवायचं, तर हाताशी असतात बारा व्होल्ट. कार अ‍ॅम्पचा सगळा इतिहास म्हणजे या तुटपुंज्या भांडवलावर मोठा आवाज काढण्याची खटपट आहे.

सुरुवातीला तर बाराही नव्हते. १९३० च्या आसपास बहुतेक अमेरिकन गाड्यांची बॅटरी सहा व्होल्टची होती आणि रेडिओतल्या व्हॉल्व्हना शंभराच्या पुढे व्होल्ट लागत. मग फळ्यांखाली वेगळ्या जड बॅटऱ्या कोंबायच्या, एरियल छताच्या आतून फिरवायची आणि इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर दाबत बसायचं. रेडिओ बसवणं हे दिवसभराचं काम होतं. शिकागोच्या पॉल गॅल्विनने १९३० मध्ये ‘मोटरोला’ नावाने कार रेडिओ विकायला काढला. कर्ज मिळावं म्हणून त्याने एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत आपला रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात गाडीने पेट घेतला, अशी गोष्ट सांगतात. कर्ज अर्थातच मिळालं नाही.

त्या दशकात व्हायब्रेटर आला आणि जादा बॅटऱ्या गेल्या. ट्रान्सफॉर्मरला सरळ वाहणारा डीसी करंट चालत नाही, तुटक चालतो. म्हणून डबीतली एक पोलादी पाती सेकंदाला शंभरेक वेळा थरथरून करंट जोडायची-तोडायची आणि ट्रान्सफॉर्मर त्याचे दोन-अडीचशे व्होल्ट करून द्यायचा. रेडिओ लावला की आधी पातीची गुणगुण, मग व्हॉल्व्ह तापले की गाणं.

पन्नाशीच्या दशकात डिचोलीच्या खाणींतलं लोहखनिज जपानला जाऊ लागलं, गोव्यात पैसा खेळू लागला आणि पोर्तुगीज अमदानीतल्या मोकळ्या आयातीमुळे परदेशी गाड्या रस्त्यावर आल्या. मर्सिडीजची टॅक्सी ही तेव्हा गोव्यात दिसणारी चैन. ब्लाउपुंक्ट आणि बेकर हे नावाजलेले जर्मन कार रेडिओ त्याच काळातले. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को या कंपन्यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टरला गाडीचे, आता सहाचे बारा झालेले, व्होल्ट थेट चालत होते. व्हायब्रेटरची नोकरी गेली.

पण आवाजाची हाव गेली नव्हती. इथे थोडं गणित मांडावंच लागतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. तेवढ्यावर साधा अ‍ॅम्प चार ओहमच्या स्पीकरला फार तर साडेसहा वॉट देतो. दोन अ‍ॅम्प उलट-सुलट जोडून, म्हणजे ब्रिज करून, कागदावर २६ आणि प्रत्यक्षात १८-२० वॉट निघतात. त्यापुढे भिंत. डेकच्या खोक्यावर छापलेले ‘५० गुणिले ४’ हे आकडे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे वाचावेत! ऐंशीच्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या आणि खाणीच्या ट्रकांपासून खासगी बसपर्यंत डेक वाजू लागले, ते याच मर्यादेत.

ती भिंत अमेरिकेत सत्तरीच्या दशकातच ओलांडली जाऊ लागली होती. जिम फॉसगेटसारख्या हौशी तंत्रज्ञांनी गाडीसाठी वेगळे अ‍ॅम्प बांधायला घेतले. पुढे मोठ्या अ‍ॅम्पमध्ये जी युक्ती रुळली ती जुनीच, हाकलून दिलेल्या व्हायब्रेटरची. पातीच्या जागी मॉसफेट नावाचे ट्रान्झिस्टर बसले. ते सेकंदाला हजारो वेळा करंट तोडतात, वाटोळ्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज चढवतो आणि मग शेकड्यांनी वॉट मिळतात.

या वॉटची किंमत वायरीत मोजावी लागते. जुन्या पद्धतीचा पाचशे वॉटचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात बॅटरीतून ६०-६५ अँपिअर ओढतो. पाच मीटर लांबीची चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर सव्वा व्होल्ट वायरीतच जिरतो आणि ती तापते. सोळा चौरस मिलिमीटरची टाकली की ही घट व्होल्टच्या तिसऱ्या हिश्शावर येते.

म्हणून बसवणाऱ्याचं निम्मं कसब स्पीकरला हात लावण्याआधीच दिसतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फूट-दीड फुटात फ्यूज. तो अ‍ॅम्पपेक्षाही वायरीच्या रक्षणासाठी असतो. फ्यूज शेवटी डिकीत लावला, तर वाटेत पत्र्यावर घासून शॉर्ट झालेली वायर पेटायला मोकळीच. तिथून तांबडी वायर रबरी बुशातून आत घेऊन दाराच्या उंबऱ्याखालून मागे न्यायची. सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूने, नाहीतर अ‍ॅक्सिलेटर दाबला की स्पीकरमधून अल्टरनेटरची शिट्टी चढत जाते. निळी बारीक वायर डेककडून ‘आता जागा हो’ एवढाच निरोप आणते.

उरतो अर्थ, म्हणजे निगेटिव्ह वायरीची गाडीच्या पत्र्याशी जोडणी. डिकीतल्या पत्र्याचा रुपयाएवढा भाग पॉलिश पेपरने घासून रंग आणि त्याखालचा प्रायमर काढायचा, लोखंड चकाकलं की बोल्टने लग आवळायचा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावायचा. हे शेवटचं लेपन गोव्यात टाळून चालत नाही. मोरजी-हरमलकडे खारा वारा, डिचोलीकडे खाणीची तांबडी धूळ आणि वर चार महिन्यांचा पाऊस. उघडा राहिलेला अर्थ गंजतो, जोड ढिला पडतो आणि खरखर सुरू झाली की गाडीवाला अ‍ॅम्पला शिव्या देतो.

आता विजेवरच्या गाड्या आल्या आहेत. त्यांपैकी बहुतेकींच्या मुख्य बॅटरीत तीनशेहून अधिक व्होल्ट असतात, पण दिवे, वायपर आणि डेक जुन्या मापाचे. म्हणून गाडीतला कन्व्हर्टर ते तीनशे उतरवून बारा-चौदा करतो आणि डिकीतला अ‍ॅम्प तेच बारा-चौदा पुन्हा चढवून घेतो.