केव्हिन सिनफील्ड

केव्हिन सिनफील्ड (जन्म: १२ सप्टेंबर १९८०, ओल्डहॅम, इंग्लंड) हे इंग्लंडचे माजी रग्बी लीग खेळाडू व प्रशिक्षक आहेत. त्यांच्या कर्णधारपदाच्या काळात लीड्स ऱ्हायनोज संघाने सुपर लीग स्पर्धेचे विजेतेपद ७ वेळा मिळवले. मोटर न्यूरॉन या दुर्मिळ आजाराविषयी जनजागृती व निधिसंकलन करण्यासाठी त्यांनी केलेल्या दीर्घ पल्ल्याच्या धावांमुळे ते क्रीडाक्षेत्राबाहेरही परिचित झाले.

पार्श्वभूमी

सिनफील्ड यांचे संघसहकारी रॉब बरो यांना डिसेंबर २०१९ मध्ये मोटर न्यूरॉन आजाराचे निदान झाले. या आजारात स्नायूंचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे रुग्णाला चालणे, बोलणे, गिळणे आणि अखेरीस श्वास घेणे कठीण होते. आजार पूर्ण बरा करणारा उपचार उपलब्ध नाही. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनाही हाच आजार होता. बरो यांची वाचा गेल्यानंतर ते डोळ्यांच्या हालचालींवर चालणाऱ्या संगणकाद्वारे संवाद साधत असत.

धाव मोहिमा

बरो ७ क्रमांकाची जर्सी वापरत असल्याने सिनफील्ड यांच्या बहुतेक मोहिमा ७ या अंकाभोवती आखलेल्या आहेत.

२०२०: डिसेंबरमध्ये ७ दिवसांत ७ मॅरेथॉन (प्रत्येकी ४२.१९५ किमी). ७७,७७७ पौंडांचे उद्दिष्ट असताना २० लाख पौंडांहून अधिक निधी जमला.

२०२१: नोव्हेंबरमध्ये लेस्टर ते लीड्स हे १०१ मैलांचे (सुमारे १६२ किमी) अंतर सुमारे २४ तासांत.

२०२२: नोव्हेंबरमध्ये एडिनबरा ते मँचेस्टर, ७ दिवसांत ७ अल्ट्रामॅरेथॉन.

२०२३: डिसेंबरमध्ये ७ दिवसांत ७ शहरांत ७ अल्ट्रामॅरेथॉन. या शहरांत कार्डिफ, डब्लिन व लंडन यांचा समावेश होता.

लीड्स मॅरेथॉन

बरो यांच्या नावाने भरवलेली पहिली लीड्स मॅरेथॉन १४ मे २०२३ रोजी झाली. सिनफील्ड यांनी बरो यांना चाकांच्या खुर्चीतून संपूर्ण अंतर नेले आणि अखेरीस उचलून घेऊन अंतिम रेषा पार केली. हे दृश्य मोठ्या प्रमाणावर प्रसारित झाले.

परिणाम

या मोहिमांतून संशोधन व रुग्णसेवेसाठी निधी उभा राहिला, तसेच आजाराचे नाव सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले. दोघांनाही सीबीई हा ब्रिटिश सन्मान देण्यात आला. बरो यांचे २ जून २०२४ रोजी वयाच्या ४१ व्या वर्षी निधन झाले. लीड्स येथे त्यांच्या नावाने उभारायच्या मोटर न्यूरॉन आजार केंद्राच्या बांधकामास दुसऱ्याच दिवशी प्रारंभ झाला.