करवीरच्या शाळा आणि त्यांतील विद्यार्थी

शाळेची योग्यता परीक्षेच्या निकालावरून ठरविण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. किती मुलें बसलीं, किती उतरलीं, पहिला नंबर कोणाचा आला, एवढें कळलें म्हणजे शाळा बरी कीं वाईट हें आपण सांगून मोकळे होतों. परंतु परीक्षेस बसलेल्या मुलांखेरीज गांवांत आणखी किती मुलें होतीं, आणि तीं त्या वेळीं कोठें होतीं, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. कोल्हापुरांत तो प्रश्न एका राजानें विचारला व त्याचें उत्तरही करून दाखविलें. आमच्या लोकांचीं मुलें याच शहरांत शिकलीं. सबब जुबिलीच्या या पुस्तकांत त्या इतिहासास थोडी जागा देणें आम्हांस उचित वाटतें.

कोल्हापुरांत इंग्रजी शिक्षणाची सोय एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास झाली. अमेरिकन मिशनरी वाइल्डर हे १८५२ सालीं येथें आले व त्यांनीं शाळा काढिल्या. संस्थानची शाळा राजाराम हायस्कूल या नांवानें प्रसिद्धीस आली, आणि १८८० सालीं तिच्या जोडीस राजाराम कॉलेज निघालें. न्यायमूर्ति रानडे यांचें बाळपणचें शिक्षण याच शहरांतलें. नामदार गोपाळ कृष्ण गोखले येथूनच १८८१ सालीं मॅट्रिक झाले. त्यांचे वडील बंधु पंधरा रुपये पगारावर नोकरी करीत व त्यांतील आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणास धाडीत, हें सर्वश्रुत आहे.

गोखल्यांचें दारिद्र्य खरें होतें. परंतु त्यांच्या घरीं विद्येची परंपरा होती, आणि पाठीशीं शिकलेला भाऊ होता. ज्या कुणब्याच्या, धनगराच्या किंवा महाराच्या घरीं हीं दोन्ही नव्हतीं, त्याच्या मुलास हायस्कुलाचें दार उघडें असून नसल्यासारखेंच होतें. शाहू छत्रपति १८९४ सालीं गादीवर आले, तेव्हां राज्यकारभारांतील ७१ जागांपैकीं ६० जागा ब्राह्मणांकडे होत्या. शाळेंत कोण शिकतो यावर कचेरींत कोण बसतो हें ठरतें, हें या आंकड्यांनीं स्पष्ट केलें.

महाराजांनीं १८९६ सालीं सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं एक वसतिगृह काढिलें. नियम सर्वांना सारखाच होता. परंतु व्यवहारांत तें बहुतेक ब्राह्मण विद्यार्थ्यांचेंच झालें. यांतून एक मोठा बोध झाला. दारावर ‘सर्वांस मुभा’ अशी पाटी लाविल्यानें सर्व आंत येतात असें नाहीं. खेड्यांतून आलेल्या पोरास प्रथम पथारी टाकण्यास जागा, दोन वेळां भाकरी, आणि आपलें म्हणणारें माणूस लागतें.

म्हणून १९०१ पासून निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें निघूं लागलीं. त्या सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग निघालें. मागाहून मुसलमान व लिंगायत विद्यार्थ्यांचीं झालीं. १९०८ सालीं अस्पृश्य मानिलेल्या मुलांकरितां मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झालें. २६ जुलै १९०२ च्या हुकुमानें मागासलेल्या वर्गांकरितां रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकीं शेंकडा ५० जागा राखून ठेविल्या. शिकून पुढें काय, या बापाच्या प्रश्नास तें उत्तर होतें. जैन बोर्डिंगांत राहून राजाराम हायस्कुलांत शिकलेला कुंभोजचा एक मुलगा, भाऊराव पाटील, यानें १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढिली, व वसतिगृहाची हीच कल्पना महाराष्ट्रभर नेली.

परंतु हायस्कुलाच्या खालीं प्राथमिक शाळांचा पाया रुंद नसेल, तर वसतिगृहांत येणार कोण? गोखल्यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत प्राथमिक शिक्षणाचें बिल आणिलें. तें १९१२ च्या मार्चांत ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. पैसा नाहीं, लोकांची तयारी नाहीं, अशा सबबी पुढें आल्या. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं तें आधींच करून दाखविलें होतें. कोल्हापुरांत १९१७ सालीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला, आणि पुढल्या वर्षीं चिखली गांवापासून त्याचा अंमल सुरू झाला. मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. आरंभीं अशा २७ शाळा व १,२९६ विद्यार्थी होते. १९२१–२२ सालीं शाळा ४२० व विद्यार्थी २२,००७ झाले. मध्यंतरीं १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळेंत बसविण्याचा हुकूम झाला. ६ मे १९२२ रोजीं महाराज निवर्तले, तोंपर्यंत शाळेच्या बांकाचें रूपच पालटलें होतें.

वाचकहो, आतां निकालाकडे वळूं. वेचक मुलांची शाळा शेंकड्यांत नेहमींच वरचढ दिसणार. कारण तिच्या परीक्षेचा निम्मा अभ्यास घरींच झालेला असतो. ज्या शाळेनें पहिल्या पिढीच्या मुलास अक्षर शिकविलें, तिचे शेंकडे कदाचित् कमी भरतील, पण तिचें काम मोठें आहे. दोन शाळांची तुलना करणाऱ्यानें प्रथम दोहोंचे हजेरीपट पाहावे, मागाहून गुणपत्रकें पाहावींत.

२००९ सालच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आतां सबंध देशांत मिळाला आहे. परंतु १८९६ च्या वसतिगृहाचा धडा कायद्यानें जुना होत नाहीं. हजेरीपटावर नांव आहे, पण घरीं अभ्यासास कोपरा नाहीं, शिकविणारें कोणी नाहीं, अशीं मुलें आजही आपल्या आळींत आहेत. आपल्या मुलाचा नंबर कितवा आला हें अवश्य विचारावें. पण शेजारचें मूल शाळेंत कां दिसलें नाहीं, हेंही त्याच दिवशीं विचारावें. संध्याकाळीं आपल्या घरच्या दिव्याखालीं त्या मुलास एक जागा करून देणें आपल्यापैकीं पुष्कळांच्या हातचें आहे. तेवढें झालें, तर ज्या नगरींत आपण राहतों तिच्या या थोर परंपरेचे आपण खरे वारस ठरूं.